तुम्ही विचारलंत म्हणून सांगते : हो, नवरा मला सॅल्यूट करायचा

लग्नकार्यात, हळदीकुंकवाला, ‘सानंद’ या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात, इंदूरमध्ये चार मराठी माणसं भेटली की हा प्रश्न येतोच. ‘तुम्ही दोघंही आर्मीत होतात ना? मग कोण कुणाला सॅल्यूट करायचं?’ विचारणारा बहुतेक वेळा माझ्या नवऱ्याकडे बघून हसतो. मी ‘तो मला’ म्हटलं की पुढचा प्रश्न जरा हळू आवाजात येतो, ‘आणि त्यांना चालायचं?’

उभ्या उभ्या उत्तर देऊन माझं समाधान होत नाही, म्हणून आज बसून लिहिते आहे.

मी 2008 च्या मार्चमध्ये चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीतून सिग्नल्समध्ये, म्हणजे फौजेच्या संदेशवहनाच्या शाखेत, गेले. तो त्याच वर्षी जूनमध्ये देहरादूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीतून इन्फन्ट्रीत, म्हणजे पायदळात, गेला. वयानं तो दीड वर्षानं मोठा. पण फौजेत वय कुणी विचारत नाही, कमिशनची, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक झाल्याची, तारीख विचारतात. त्या हिशेबानं मी तीन महिन्यांनी सीनिअर, आणि ते तीन महिने नोकरीभर तसेच राहतात, कमी होत नाहीत. दोघांच्या खांद्यावर दोन-दोन तारे असताना बाहेरच्या माणसाला आम्ही सारखेच दिसायचो. त्याच्या तोंडी मात्र चारचौघांत ‘मॅम’ असायचं, आणि समोरासमोर आलो की त्याचा हात माझ्यापेक्षा श्वासभर आधी उठायचा. एकाच कोर्सचे, म्हणजे एकाच तुकडीतून बाहेर पडलेले, असतील तर गोष्ट वेगळी. कोर्समेटला कुणी सॅल्यूट ठोकत बसत नाही, तिथे हात थेट खांद्यावर पडतो.

आता ज्या दिवसामुळे आमच्या घरात हा विषय निघाला, तो दिवस.

2010 चा मे महिना. कमिशननंतर दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, हे ठरलेलं. मार्चमध्ये माझ्या खांद्यावर तिसरा तारा आला होता, त्याचा जूनमध्ये यायचा होता. माझं पोस्टिंग महूला, आणि तो इन्फन्ट्री स्कूलमध्ये कोर्ससाठी आलेला. लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. इंदूरहून महू 23 किलोमीटर, त्यामुळे सासूबाई मुलासाठी आणि सुनेसाठी सारखं काही ना काही घेऊन यायच्या. त्या दिवशी आमरस होता. माल रोडला झाडाखाली गाडी उभी. स्टीलचा डबा, झाकण निघू नये म्हणून जुन्या साडीच्या पट्टीनं आवळून बांधलेला, उन्हानं कोमट झालेला. मी खिडकीतून तो दोन्ही हातांनी घेतला आणि मागे वळले, तर समोरून तो येत होता. बरोबर कोर्समधले दोघं.

तीन पावलं अलीकडे तो थांबला, हात वर गेला. ‘जय हिंद, मॅम.’

हात अडकलेले असतील तर सावधान होऊन तोंडी उत्तर दिलं तरी चालतं. माझ्या मनाला ते पुरलं नाही. मी डबा गाडीच्या टपावर ठेवला, वळले, टाच जुळवली आणि हात वर नेला. बोटं जुळलेली, तळवा समोर, मनगट सरळ. तोवर त्याचा हात भुवईपाशीच होता. मग दोघांचे हात खाली आले आणि तो पुढे निघून गेला. आईशी एक शब्द बोलला नाही, कारण त्याच्या कोर्सची वेळ झाली होती.

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘अगं, तो तुला सॅल्यूट करतो?’ आणि थोड्या वेळानं, ‘त्याला वाईट नाही वाटत?’

त्यांचा प्रश्न मला अजिबात चुकीचा वाटला नाही, आजही वाटत नाही. त्यांनी जन्मभर नवऱ्याला ‘अहो’ म्हटलं. आमच्या घरी मी त्याला ‘अरे’ म्हणते, हे त्यांनी आधीच पचवलं होतं. आणि आपण मराठी माणसं मान देण्याची जी रीत ओळखतो ती मुजऱ्याची. आम्ही तर होळकरांच्या गावातले, राजवाड्यासमोरून रोज जाणारे. मुजऱ्यात वाकावं लागतं, आणि वाकलेल्या माणसाला समोरच्यानं उत्तर दिलंच पाहिजे असं नसतं. सॅल्यूटमध्ये पाठ ताठ असते, नजर नजरेला भिडलेली असते. आणि वरच्याचा हात आला नाही, तर खालच्याचा हात अर्धवट राहतो. उत्तर देणं सीनिअरवर बंधनकारक आहे. म्हणून गणवेशात असताना फाइल, पिशवी, छत्री, सगळं डाव्या हातात धरायची सवय लावतात. उजवा हात मोकळा ठेवायचा.

संध्याकाळी तो आला, आमरस वाटीत घेतला, आणि आईनं तोच प्रश्न त्यालाही विचारला. तो म्हणाला, ‘आई, तिनं डबा खाली ठेवला ना.’

एवढंच. सासूबाईंना ते पुरलं. मला तर किती पुरलं ते सांगता येणार नाही, कारण हात वर न आलेला सीनिअर मी पाहिलेला होता. पहिल्या युनिटमध्ये एक कॅप्टन होते, माझ्यापेक्षा जेमतेम वर्षानं सीनिअर. मी सॅल्यूट केला की त्यांची नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे जायची, आणि हात खिशाच्या आसपासच राहायचा. बोलण्यात काही वावगं नव्हतं, त्यामुळे तक्रार तरी कसली करणार? पण त्या चार-सहा महिन्यांत मी ऑफिसचा लांबचा रस्ता धरायला लागले होते. त्याच युनिटमध्ये आमचे सुभेदार साहेब मला रोज सकाळी कडक सॅल्यूट करत. माझ्या वडिलांच्या वयाचे, पंचवीस वर्षं नोकरी झालेली, आणि समोर मी तेवीस वर्षांची. पहिल्या दिवशी माझा हात थरथरला होता. मी ‘राम राम, साहब’ म्हणत उत्तर द्यायचे, जीव ओतून. जवळजवळ बरोबरीच्या माणसाकडून मला जे मिळत नव्हतं, ते त्यांना माझ्याकडून मिळायलाच हवं, असं वाटायचं.

आता दुसरा प्रश्न, जो शिकलेली माणसं विचारतात. जवानानं अधिकाऱ्याला सॅल्यूट करणं समजतं, कर्नलला लेफ्टनंटनं करणं समजतं. पण एकाच मेसमध्ये जेवणारे, एकमेकांची चप्पल घालणारे, तीन-चार महिन्यांच्या फरकाचे लोक, त्यांच्यात कशाला?

माझं म्हणणं असं की तिथेच त्याची सर्वात जास्त गरज आहे. कर्नल आणि लेफ्टनंटमध्ये कुणाचं ऐकायचं हा वाद कधीच होत नाही. वाद दोन मित्रांत होतो. आणि फौजेत वेळ अशी येते की दोघांपैकी एकाचा शब्द शेवटचा असावाच लागतो, आणि तो कुणाचा हे ठरवायला त्या क्षणी वेळ नसतो. ते आधीच ठरलेलं असावं, रोजच्या रोज हाताला आठवत असावं.

भारत-पाक युद्धातली 16 डिसेंबर 1971 ची बसंतरची लढाई आठवा. पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटच्या तीन रणगाड्यांत तीन तरुण अधिकारी होते : कॅप्टन मल्होत्रा, लेफ्टनंट अहलावत, सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल. तीन हुद्दे, एकाखाली एक. (सेकंड लेफ्टनंट हा हुद्दा आता आपल्याकडे राहिला नाही.) खेतरपाल 21 वर्षांचे, कमिशन मिळून सहा महिने झालेले. युद्ध सुरू झालं तेव्हा ते आपल्या अहमदनगरला यंग ऑफिसर्स कोर्सवर होते, तिथून परत बोलावलेले. त्यांच्या रणगाड्याला आग लागली. सोडून दे, असा आदेश वायरलेसवर आला. त्यांनी नाही म्हटलं, कारण तोफ अजून चालत होती. ते तिथेच पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. मी सिग्नल्सची, वायरलेसवर माणसं किती आखडून बोलतात हे मला ठाऊक आहे. प्रत्येक शब्द वाचवायचा असतो. जळत्या रणगाड्यातून दिलेल्या त्या नकारातसुद्धा ‘सर’ हा शब्द होता. तो वाचवावा असं त्यांना वाटलं नाही. हे वाचताना माझा गळा अजून भरून येतो.

बारीकसारीक बाकीचं चटकन सांगते. डोक्यावर बेरे किंवा टोपी नसेल तर आर्मीत हातानं सॅल्यूट नाही, सावधान होऊन अभिवादन करायचं. म्हणून मेसमध्ये संध्याकाळी नुसतं ‘गुड ईव्हनिंग, सर’. नेव्हीचा तळवा जमिनीकडे असतो, एअर फोर्सनं 2006 पासून 45 अंशांचा कोन घेतला. आणि नाही, घरी नाही. घरात आम्ही कधीच एकमेकांना सॅल्यूट केला नाही, गमतीतसुद्धा नाही. तो गमतीत वापरायचा नाही, यावर आमचं दोघांचंही बोलण्याआधीच एकमत होतं.

मी 2018 मध्ये, दहा वर्षं पूर्ण करून, बाहेर पडले. तो अजून आहे. त्यानंतर त्याच्या हुद्द्याशी माझा संबंध उरला नाही.

गेल्या महिन्यात शेजारची मुलगी आली. एन.सी.सी.त आहे, एन.डी.ए.ची तयारी करते. मे 2025 मध्ये एन.डी.ए.तून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, 17 जणींची, तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नाही. तिनं विचारलं, ‘मावशी, बरोबरीचाच असेल तर पहिला हात कुणी वर न्यायचा?’ मी तिला तारखेचं सगळं सांगितलं. मग तिला करून बघायचा होता. कोपर जरा पुढे येत होतं. सासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या, त्यांनी येऊन तिचं कोपर मागे सारलं आणि म्हणाल्या, ‘आणि डावीकडे काय असेल ते धर. उजवा रिकामा ठेव.’