बाईंची काळजी

"बाई, मी नापास झालो तर बोल तुम्हाला लागेल का?" आज साक्षरता वर्गात सत्तरी ओलांडलेल्या एका आजोबांनी नातीच्या वयाच्या शिक्षिकेला असे विचारले, तेव्हा तिला क्षणभर काही सुचेना.

ती महाविद्यालयात शिकते आणि 'उल्लास' म्हणजेच नवभारत साक्षरता कार्यक्रमात मानधन न घेता शिकवते. २०२२ पासूनच्या या कार्यक्रमाची सारी भिस्त अशा स्वयंसेवकांवरच आहे. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण असतात आणि कमी पडणाऱ्याला नापास न ठरवता 'सुधारणा आवश्यक' एवढाच शेरा मिळतो, हे तिने समजावून सांगितले. (शाळेतल्या मुलांनाही हा शेरा लाभला असता तर!)

आजोबांचे समाधान मात्र झाले नाही, कारण त्यांना स्वतःच्या गुणांपेक्षा तिच्या फुकट जाणाऱ्या संध्याकाळींची चिंता अधिक होती. दुसऱ्याचा वेळ मोबदल्याविना घेण्याचा संकोच या वयात पाटी-पेन्सिलीपेक्षा जड होत असावा, असे मला वाटते.

स्वयंसेवकाला कसे शिकवावे हे सांगितले जाते. पण या संकोचाला उत्तर काय द्यावे, हे त्याला कोण सांगणार?