शिवणीतली माया

परभणीत माझं शिलाईचं दुकान आहे. आधी वडील बसायचे, २००१ पासून मी बसतो. त्यांची एक सवय मी सोडली नाही. गिऱ्हाइकाचं माप वहीत लिहायचं आणि वही रद्दीत घालायची नाही.

पँट शिवताना मागच्या शिवणीत दोनेक इंच कापड जास्तीचं ठेवतात. आम्ही त्याला माया म्हणतो. पोट सुटलं की शिवण उसवायची, माया सोडायची, पुन्हा टीप मारायची. दहा मिनिटांत गिऱ्हाईक खूश. वीस वर्षं हे काम केलं. त्यात माणसाच्या जिवाचा काही प्रश्न असेल हे कधी डोक्यात आलं नाही.

आमचे दाजी मोंढ्यात आडतीवर मुनीम आहेत. दिवसभर गादीवर बैठक. हातपाय काडीसारखे. वहीत १९९९ साली, लग्नाच्या वेळी, कंबर ३०. २००८ ला ३२, २०१५ ला ३४. छातीचं माप तेच, मांडीचं तर अर्ध्या इंचानं उतरलेलं.

गेल्या वर्षी मुतखड्याच्या दुखण्यानं सोनोग्राफी केली. खडा बारीक निघाला, पण लिव्हरवर चरबी दिसली. मग रक्त तपासलं तर उपाशीपोटी साखर १६८. दाजी माझ्यावरच चिडले. "अरे, चौसष्ट किलो वजन माझं! जाड माणसाचा रोग मला कसा होईल?" आधीच्या एका डॉक्टरांनीही वजनाच्या काट्याकडं बघून काळजी नको म्हणून सांगितलं होतं.

नव्या डॉक्टरांनी मात्र टेप मागितला. माझ्या खिशातच होता. बेंबीच्या पातळीवर माप आलं साडेअडतीस इंच. चौतीसची पँट घालणारा माणूस! कारण आपले पुरुष पँट पोटावर नाही, पोटाखाली बांधतात. पोट पट्ट्यावरून पुढं येतं आणि पँटचा नंबर तसाच राहतो. हे मला रोज दिसत होतं.

डॉक्टरांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगतो. चिमटीत धरता येते ती कातडीखालची चरबी. तिच्याहून घातक ती आत, आतड्यांभोवती साठलेली. तिच्यातून सुटणारी चरबी सरळ यकृताकडं जाणाऱ्या रक्तात मिसळते. यकृत तुपकट होतं, साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला दाद देईनासं होतं, साखर चढते. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढतात, रक्तदाब वाढतो, हृदयाच्या नळ्या खराब होत जातात. यातलं काही दुखत नाही.

आणि हे आपल्या लोकांत जास्त. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली स्वतःचा आणि एका इंग्रज डॉक्टर मित्राचा फोटो 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापला होता. उंचीच्या मानानं वजन दोघांचं अगदी सारखं. पण अंगातली चरबी इंग्रजाची ९ टक्के आणि याज्ञिकांची २१. म्हणून तर युरोपातल्या पुरुषाला कंबरेची हद्द ९४ सेंटिमीटर आणि आपल्याला ९०, म्हणजे साडेपस्तीस इंच. आपल्या बायकांना ८०, म्हणजे साडेएकतीस.

बायकांचं मला जास्त वाटतं. परकराला नाडी, साडीला निऱ्या. वाढलेला घेर कळायला काही मार्गच नाही. आमच्या अक्काची कंबर मी उभ्या आयुष्यात मोजली नव्हती. त्या दिवशी घरी येऊन बायकोला मोजायला लावली. छत्तीस निघाली. दाजींपेक्षा मला तिचीच धास्ती बसली.

मोजायचं असेल तर सदरा वर करा. शेवटची बरगडी आणि खुब्याच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध टेप आडवा धरा, मागं तिरका जाऊ देऊ नका. श्वास सोडा आणि मग आकडा बघा. पोट आत ओढू नका. माझ्या दुकानात दहातले आठ जण ओढतात, म्हणून मी आधी त्यांना बोलतं करतो आणि मग टेप आवळतो.

दाजींनी पोट आवळायचा पट्टा आणला होता. तो मी परत करायला लावला. पट्ट्यानं पोट दाबलं जातं, चरबी जात नाही. नुसत्या पोटाच्या व्यायामानंही तेवढ्याच जागेची जात नाही. चालण्यानं मात्र ही आतली चरबी हटते, कधी वजनाचा काटा फारसा हलला नाही तरी. दाजी आणि अक्का पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यानं पाऊण तास चालतात. आडतीवरचे आठ गोड चहा दोनावर आले, तेही बिनसाखरेचे. रात्री भाताऐवजी ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी, तीही आठच्या आत. डॉक्टरांची गोळी चालूच आहे.

मागच्या आठवड्यात दाजी दोन पँटी घेऊन आले. "ढिल्या व्हायल्यात रे." मागची शिवण उसवली तर कापडावर जुन्या टिपांच्या भोकांच्या तीन ओळी होत्या. मीच एकेक सोडत गेलेल्या. मी आतल्या ओळीवर टीप मारली. बेंबीवरचं माप घेतलं, छत्तीस. वहीत तारीख टाकली. अर्धा इंच अजून बाकी आहे, आणि अक्काचं तर बरंच.