डोकं काही गप्प बसत नाही
कुणी "जरा बोलायचंय" एवढाच मेसेज टाकला की माझ्या पोटात गोळा, आणि तो माणूस फोन करेपर्यंत मी मनातल्या मनात भांडण, आजारपण, नोकरी जाणं सगळं उरकून घेते. "एवढा विचार करू नकोस" म्हणणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार, ते जमलं असतं तर काय हवं होतं!

त्यातल्या त्यात उपयोगी पडलं ते चिंतेला वेळ ठरवून देणं. संध्याकाळी २० मिनिटं वहीत सगळं लिहायचं, शेजारी एकच प्रश्न, यावर मला काही करता येईल का? येत असेल तर ते काम लिस्टमध्ये, नाहीतर पान उलटायचं, आणि दिवसभरात काही डोक्यात आलंच तर "संध्याकाळी बघू". सुरुवातीला हसूच येतं स्वतःचं. झोपायच्या तोंडावर मात्र वही नको, झोपेचं खोबरं होतं.

धडधड सुरू झाली की श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावते, सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात म्हणून. दुपारनंतर कॉफी बंद, कारण प्यायल्यावर ५ तासांनीही साधारण निम्मं कॅफिन अंगात असतं (हे कळल्यावर जीवावर आलं होतं).

आणि महिनोन्महिने हेच चालू असेल, झोप-काम सगळं बिघडत असेल तर सरळ डॉक्टरकडे जा, यावर थेरपी आहे, औषधंही आहेत.