एका नावाची दोन माणसं

अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये माझ्या सासूबाईंच्या घरी जिन्याशेजारी एक चौकट होती. १९ एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टनला गोळीबार होऊन इंग्रजांविरुद्धचं अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाल्याची खबर आल्यावर मॅसॅच्युसेट्सच्या वूस्टर कौंटीतून जी माणसं बंदुका घेऊन निघाली, त्यांच्या हजेरीपटाची ती नक्कल. एका नावाखाली शाईची रेघ. ‘हा आपला पूर्वज’ असं घरातल्या प्रत्येक लेकराला सांगितलेलं. सासूबाईंच्या चुलत घराण्याचं मात्र ठाम म्हणणं होतं, की तो माणूस मॅसॅच्युसेट्स सोडून कधी गेलाच नाही, तिथेच वारला, तिथेच पुरला. या एका नावावरून दोन घरांत वर्षानुवर्षं अबोला होता.

सासूबाईंना ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’चं सदस्यत्व हवं होतं. त्या युद्धात भाग घेतलेल्यांच्या वंशज स्त्रियांची १८९० पासूनची ही संस्था प्रत्येक पिढीचा दुवा कागदाने सिद्ध करायला लावते. ते काम मी अंगावर घेतलं. मी नाशिकची. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या नामावळीत पणजोबांची सही बघितली तेव्हापासून मला जुन्या नावांची ओढ आहे.

सुरुवात घराण्याच्या जुन्या छापील वंशावळीपासून केली. त्यात या पूर्वजाला दोन बायका आणि चौदा मुलं दिली होती. मुलांच्या जन्मतारखा एकाखाली एक लिहून काढल्या आणि थबकले. मार्च १७८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सला मुलगी, त्याच जुलैमध्ये व्हर्माँटला मुलगा. माणूस एक नव्हताच. एकाच नावाचे दोघे होते आणि पुस्तक लिहिणाऱ्याने त्यांचा एक केला होता.

मग गावाच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी चाळल्या. तिथे एका नावापुढे ‘दुसरा’ असं लिहिलेलं. याचा अर्थ मुलगा असा नव्हे, हे मला उशिरा कळलं. गावात त्या नावाचा जो वयाने लहान तो ‘दुसरा’, मग तो पुतण्या असो, चुलतभाऊ असो की कुणीच नसो. थोरला वारला की धाकट्याच्या नावापुढचं ‘दुसरा’ गळून पडतं. यात मी चार महिने चुकीच्या माणसामागे घालवले. १७९० च्या जनगणनेचाही उपयोग नाही, कारण तिच्यात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, बाकीची माणसं नुसते आकडे.

वाट सापडली ती त्या युद्धातल्या सैनिकांच्या पेन्शनच्या कागदांत. १८०० साली युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली, त्यात सुरुवातीचे अर्ज जळाले. पण नंतरच्या कायद्यांखाली आलेले सुमारे ८०,००० अर्ज राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि आता घरबसल्या बघता येतात. मी सैनिकाच्या ‘एस’ अक्षराच्या फायलींत शोधत राहिले, मिळेना. पुढे समजलं, की नवऱ्यामागे विधवेने अर्ज केला असेल तर दोघांचेही कागद ‘डब्ल्यू’ अक्षराच्या फायलीत जातात. आडनावाचं एक अक्षर बदलून तिथे शोधलं आणि रात्री साडेअकराला फाइल उघडली.

१८३२ च्या कायद्याप्रमाणे म्हाताऱ्या सैनिकाला न्यायालयात उभं राहून ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत. जन्म कुठे, कोणत्या साली? वयाची नोंद आहे का? भरती झालास तेव्हा कुठे राहत होतास? स्वखुशीने गेलास की दुसऱ्याच्या बदल्यात? युद्धानंतर कुठे कुठे राहिलास? बहात्तर वर्षांच्या माणसाने सांगितलं होतं: जन्म १७६०, वूस्टर कौंटी; १७७८ मध्ये नऊ महिन्यांसाठी भरती; १७८७ पासून व्हर्माँट. म्हणजे लेक्सिंग्टनच्या वेळी तो पंधरा वर्षांचा पोर. हजेरीपटातला माणूस थोरला चुलतभाऊ होता. आमचा पूर्वज तीन वर्षांनी गेला, हडसन नदीकाठी फिशकिलला. मॅसॅच्युसेट्सच्या भरतीच्या यादीत त्याचं वर्णन मिळालं: वय १८, उंची ५ फूट ७ इंच, वर्ण उजळ. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज मराठ्यांपुढे शरण आले, तेव्हा हा मुलगा त्याच इंग्रजांविरुद्ध सैन्यात होता. ते वाचताना मला भरून आलं.

पण तो सैनिक होता एवढ्याने भागत नाही, तो आमचाच हे दाखवायचं होतं. ते दाखवलं त्याच्या बायकोने. १७९४ पूर्वी लग्न झालेल्या विधवांना १८३८ च्या कायद्याने पेन्शन मिळू लागली. लग्नाचा दाखला तिच्याकडे नव्हता. म्हणून तिने घरच्या बायबलमधलं पान फाडून सरकारकडे पाठवलं. फाइलमधल्या चित्रात पानाच्या डाव्या कडेला शिवणीची भोकं दिसतात. वर लग्नाची तारीख, १७८६, आणि खाली आठ मुलं, दोन वेगवेगळ्या शायांत. जुलै १७८८ चा मुलगा दुसऱ्या क्रमांकाचा. मुलांपैकी दोघांपुढे मृत्यूच्या तारखा, एकाच आठवड्यातल्या. हे पान माझ्याच घरातलं, अशी तिने शपथ घेतली आणि खाली फुली काढली. फुलीच्या एका बाजूला कारकुनाने लिहिलंय ‘तिची’, दुसऱ्या बाजूला ‘खूण’. लिहिता न येणाऱ्या त्या बाईने सांभाळलेल्या पानावर आमची अख्खी वंशावळ उभी आहे.

पुढच्या पिढ्या सोप्या गेल्या. फक्त १८५० च्या जनगणनेत सगळ्यांची नावं असली तरी नातं लिहिलेलं नसतं, त्यामुळे एका मुलीसाठी वडिलांनी ‘प्रेमापोटी’ दिलेल्या जमिनीचं बक्षीसपत्र शोधावं लागलं.

अर्ज मंजूर झाला. सासूबाईंनी चौकट स्वतः उतरवली, काच पुसली आणि मॅसॅच्युसेट्सच्या त्या चुलत घराला पार्सलने पाठवली, सोबत दोन ओळींची चिठ्ठी. आठवड्याने तिथून फोन आला. दोघी पाऊण तास बोलत होत्या. खिळा अजून तिथेच आहे. त्यावर फुलीच्या पानाची प्रत लावायची म्हणून त्यांनी मला मोजमाप घ्यायला सांगितलंय.