महाप्राण कानाला कळेपर्यंत

घरची भाषा मराठी, शाळा दहावीपर्यंत कन्नड माध्यमाची. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात अशी घरं पुष्कळ आहेत. एम.ए.ला मराठी घेतलं आणि भाषाविज्ञानात 'महाप्राण' या शब्दापाशी अडकलो.

व्याख्या पाठ होती: उच्चारात श्वास जास्त ते व्यंजन महाप्राण, कमी ते अल्पप्राण. 34 व्यंजनांपैकी 14 महाप्राण, 20 अल्पप्राण. क, च, ट, त, प या प्रत्येक वर्गातलं दुसरं नि चौथं अक्षर महाप्राण, शिवाय श, ष, स, ह. पण कानाला काही उमगत नव्हतं. कन्नडमध्येही ख, घ, भ ही अक्षरं आहेत, बहुतेक संस्कृतातून आलेल्या शब्दांसाठी. बोलताना मात्र पुष्कळ जण 'भाषे'चं 'बाशे' करतात. मीही वर्गात तसंच बोलत आलो होतो.

मग वहीच्या कागदाची पट्टी कापून ओठांसमोर धरली. 'ताट' म्हटलं, पट्टी जेमतेम हलली. 'थाट' म्हटल्यावर उडाली. 'कार' आणि 'खार' यांचंही तसंच. 'बात' आणि 'भात' म्हणताना मात्र फरक नीट दिसेना, तिथं दोन दिवस गेले. शेवटी गळ्यावर बोटं ठेवून पाहिलं. 'ख' सुटल्यावर नुसता श्वास बाहेर पडतो, बोटांना कंप लागतो तो पुढचा स्वर सुरू झाल्यावर. 'भ'मध्ये श्वास आणि गळ्याचा कंप एकत्र चालतात. महाप्राण म्हणजे जोर लावणं नव्हे, व्यंजन सुटतानाचा श्वास, हे तेव्हा पटलं. हिंदीत भूख, हाथ, सीखना. आपण भूक, हात, शिकणं म्हणतो. शब्दाच्या मधला-शेवटचा हा श्वास मराठीनं किती ठिकाणी सोडून दिलाय, तेही मग दिसायला लागलं.

त्याच आठवड्यात गोठ्यातून आज्जीचा आवाज आला, "म्हस अजून पान्हवली न्हाई बग." 'म्हस'मधला स सोडला, तर एका वाक्यात तीन महाप्राण, आणि त्यातला एकही त्या 14 मध्ये नाही! म्ह, न्ह, ल्ह जोडाक्षरं म्हणून लिहितो, पण तोंडातून एकच ध्वनी निघतो. माझ्या मते शाळेच्या व्याकरणात हे सांगायलाच हवं.

खात्री करायला मात्रा मोजल्या, लघू अक्षराची एक, गुरूची दोन. 'उत्तर'मध्ये जोडाक्षराचा आघात बसून 'उ' गुरू होतो. 'तुम्ही'मध्ये 'तु'वर आघात येत नाही, तो लघूच राहतो, म्हणजे म्ह एकच ध्वनी. दूध काढून झाल्यावर आज्जीला दोन्ही शब्द म्हणायला लावले. 'उत्तर' म्हणताना ती 'त'वर थांबली, 'तुम्ही' सरळ म्हणून गेली.