आमची वाटचाल : मार्चची पत्रं आणि तिथीचा रकाना

नारायण पेठेतल्या आमच्या छापखान्यात नानांच्या (माझ्या सासऱ्यांच्या) काळी दोनच कामं बारमाही असायची, लग्नपत्रिका आणि पावती पुस्तकं. ट्रेडल मशीन (जुनं छपाईयंत्र) अजून कोपऱ्यात आहे, त्यावर नंबरिंगशिवाय काही होत नाही. २००८ साली नाना थकले आणि कारभार माझ्याकडे आला. तोवर पत्रिकांचं काम फोर कलरवाल्यांकडे निघून गेलं होतं. राहिली पावती पुस्तकं, आणि ती घेणाऱ्या संस्था.

त्यातल्याच एका संस्थेच्या खजिनदारांनी २००९ च्या मार्चमध्ये विचारलं, "वहिनी, पावत्या छापताच आहात, तर देणगीचं आवाहनही छापून पाकिटात भरून द्याल का?" जॉब मोठा होता. घड्या घालायला शेजारच्या चार मुली बसवल्या, पिनकोडप्रमाणे गठ्ठे बांधले आणि २६ तारखेला पोस्टात टाकले. "३१ मार्चच्या आत पोचली म्हणजे झालं," असं खजिनदारकाका म्हणाले होते. आम्हीही तसंच समजत होतो.

पत्राच्या तळाला मुद्रकाचा पत्ता असतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक डॉक्टर तो पत्ता वाचून थेट छापखान्यात आले. हातात आमचं पाकीट. "मला यांना द्यायचे होते हो. पण हे आलं ३० तारखेला. माझा अॅडव्हान्स टॅक्स १५ मार्चलाच भरून झाला, सीएनं हिशेब मिटवला. आता पुढच्या वर्षी." रागावले नव्हते, पण पाकीट टेबलावर ठेवून गेले. ते मी बरीच वर्षं ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ३१ मार्च ही संस्थेच्या वहीची तारीख. देणाऱ्याचा हिशेब त्याच्या आधीच कधीतरी मिटलेला असतो, आणि प्रत्येकाचा वेगळ्या दिवशी. डॉक्टर, वकील, दुकानदार यांचा आयकराचा शेवटचा हप्ता १५ मार्चला, म्हणजे त्यांच्या हातात पत्र फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात हवं. पेन्शनरांना पेन्शन जमा झाल्यावर, महिन्याच्या ३-४ तारखेला. त्यांना २५ तारखेला पत्र पाठवणं म्हणजे रिकाम्या खिशात हात घालायला सांगणं. आणि पगारदार? त्यांच्याकडून ऑफिस जानेवारीत गुंतवणुकीचे पुरावे मागतं, काही कमी पडलं की फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून टीडीएस कापतं. शिवाय अशा संस्थांची ८० जी ची (देणगीवर आयकरात सवलत देणाऱ्या कलमाची) पावती बहुतेक ठिकाणी ऑफिसात चालत नाही, सवलत रिटर्न भरतानाच घ्यावी लागते. मार्चमध्ये पगारदारासारखा कावलेला माणूस नाही. त्याला आम्ही मार्चमध्ये छळणं बंद केलं. त्याचं पत्र ऑक्टोबरात, २ ते ८ या दानउत्सवाच्या आठवड्याच्या सुमारास किंवा दिवाळीच्या बोनसच्या तोंडावर.

म्हणून एकाच यादीच्या तीन याद्या केल्या. खजिनदारकाका कुरकुरले, कारण तीनदा पाठवायचं म्हणजे तीनदा मजुरी. पण काम टिकलं आणि तोंडी शिफारशीनं आणखी संस्था आल्या.

मग २०२०. मुख्य पत्रं फेब्रुवारीतच गेली होती. पण आठवणीची कार्डं २० मार्चला, शुक्रवारी, छापून तयार झाली. सोमवारी टाकू म्हटलं. रविवारी जनता कर्फ्यू, बुधवारपासून देश बंद. दोन पोती कार्डं छापखान्यात कोंडली. सरकारनं त्या वर्षापुरती ८० जी च्या देणगीची मुदत ३० जूनपर्यंत वाढवली, म्हणून जूनमध्ये शटर उघडल्यावर आम्ही दोघं नवरा-बायको '३१ मार्चपूर्वी' या ओळीवर '३० जूनपूर्वी'च्या चिकटपट्ट्या लावत बसलो. अर्धी कार्डं झाली आणि २४ तारखेला मुदत पुन्हा वाढली, ३१ जुलैपर्यंत! पट्टीवर पट्टी लावली. तेव्हापासून आमच्या कुठल्याही कार्डावर मुदतीची तारीख छापत नाही. ती जागा मोकळी सोडतो आणि टाकायच्या आदल्या दिवशी रबरी शिक्का मारतो.

नियम बदलले तसं पत्रासोबत देणगीदारानं भरायच्या आमच्या स्लिपचं रूपही बदललं. २०१७ पासून २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, आधी ती मर्यादा १०,००० होती. त्यामुळे आधी चेकचा तपशील मोठा केला, मग यूपीआयचा क्यूआर आला. २०२२ पासून संस्थांना दरवर्षी ३१ मेपर्यंत देणगीदारांची माहिती आयकर खात्याच्या फॉर्म १० बीडीमध्ये भरावी लागू लागली, म्हणून पॅनचा रकाना आला. त्याचे दहा चौकोन पूर्वी फार लहान काढले होते. थरथरत्या हाताची अक्षरं बाहेर सांडायची आणि मे महिनाभर संस्थेच्या ताई एकेकाला फोन करत बसायच्या. चौकोन मोठे केले, फोन निम्म्यावर आले.

२०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते, आणि तिच्यात ८० जी ची सवलतच नाही. बऱ्याच संस्था हादरल्या. मला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. 'कर वाचवा' हे वाक्य पत्राच्या डोक्यावर छापताना नेहमी थोडी लाज वाटायची. आता ती ओळ तळाला, बारीक टायपात असते. वर काय लिहायचं ते मुलींच्या एका वसतिगृहाच्या ताईंनी शिकवलं. मार्च ते मे आपल्या घरांत वर्षाचं धान्य भरायचे दिवस. गहू, ज्वारी, तूरडाळ, उन्हं दाखवून डब्यांत. त्यांनी पत्रात एवढंच लिहिलं की तुमच्या घरी धान्य भराल तेव्हा आमच्या एका मुलीचंही भरा, आणि खाली किलोचा हिशेब. मार्चचं पत्र मार्चमध्येच का, याला आयकराबाहेरचं कारण पहिल्यांदा सापडलं.

अमेरिकेतल्या लोकांना डिसेंबरअखेर ईमेल पाठवू, असंही एकदा ठरलं. तिकडचं करवर्ष ३१ डिसेंबरला संपतं हे खरं. पण भारतातल्या ट्रस्टला थेट दिलेल्या पैशावर त्यांना तिकडे सहसा सवलत मिळत नाही, आणि अमेरिकी नागरिकाचे पैसे घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते. भारतीय पासपोर्टवाल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले मात्र परदेशी देणगीत धरत नाहीत. म्हणजे आधी कोणाकडे कुठला पासपोर्ट ते विचारा! तो बेत बारगळला.

आता डिसेंबरात खजिनदार येतात ते पंचांग उघडूनच बसायचं. २०२५ मध्ये ३० मार्चला रविवारी पाडवा आणि ३१ ला ईद. शेवटचे दोन दिवस गेलेच म्हणायचे, म्हणून सगळं आठवडाभर अलीकडे ओढलं. २०२६ मध्ये पाडवा १९ मार्चला.

एप्रिल-मेमध्ये परत आलेली पाकिटं जमतात. पोस्टमन त्यावर लिहून देतो, 'घर सोडून गेले', 'पत्ता अपुरा', कधी 'मयत'. पूर्वी 'मयत' म्हणजे यादीतून नाव खोडायचं. पहिल्या संस्थेच्या काकांनी एकदा खोडण्याऐवजी घरच्यांना दोन ओळींचं पत्र लिहिलं, देणगी न मागता. काही महिन्यांनी पितृपक्षात त्या गृहस्थांच्या मुलानं वडिलांच्या तिथीला त्या संस्थेतल्या एका जेवणाचे पैसे पाठवले, आणि पुढच्या वर्षी न सांगता पुन्हा. तेव्हापासून आमच्या वहीत नाव, पत्ता, पॅन यांच्या पुढे तिथीचा एक रकाना आहे. भाद्रपदाआधी महिनाभर ती पानं उलटून बघायचं काम माझ्या मुलीकडे असतं. पंधरवड्यात नेमकी कुठली तिथी कुठल्या तारखेला, यावरून तिचे आणि खजिनदारकाकांचे दरवर्षी वाद होतात.