लॉकआउटची ती रात्र

२०२२ च्या मार्चमधली गोष्ट. मी पुण्यात नाइट शिफ्टला होतो, क्लायंट अमेरिकेतला, त्यांचं फॅन्टसी बेसबॉलचं ॲप, शेड्यूल आणि नोटिफिकेशन आमच्या टीमकडे. बेसबॉलमधलं मला तोवर ओ की ठो कळत नव्हतं.

डिसेंबरपासून तिकडच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये, म्हणजे सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, लॉकआउट. म्हणजे संप नाही हां, खेळाडूंच्या युनियनबरोबरचा जुना करार संपल्या संपल्या टीमच्या मालकांनीच कुलूप घातलं, खेळाडूंचं काम बंद. लीगच्या वेबसाइटवरून खेळाडूंचे फोटोसुद्धा उडवले, जागेवर नुसत्या करड्या आकृत्या, मग चिडून बऱ्याच खेळाडूंनी ट्विटरवर डीपीला तीच आकृती लावली.

१ मार्चला नव्या करारासाठी तिकडे संध्याकाळी ५ ची डेडलाइन, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेतीन. आदल्या रात्री फ्लोरिडात ज्युपिटरच्या स्टेडियममध्ये अडीच वाजेपर्यंत बोलणी चालली होती, त्यामुळे सगळे म्हणत होते जमतंय. तरी मी डॅशबोर्डवर दोन नोटिफिकेशन तयार ठेवली, एक 'करार झाला', एक 'मॅचेस रद्द'.

शेजारचा म्हणाला, करोडपतींची भांडणं रे, आपल्याला काय. वर्षाचा किमान पगार बघितला तर त्याचं खरंच वाटायचं, मालक ७ लाख डॉलर म्हणतायत, खेळाडू ७ लाख २५ हजार. पण खरी मेख वेगळीच होती. नव्या पोराला पहिली साधारण तीन वर्षं टीम देईल तेच घ्यावं लागतं, कितीही भारी खेळला तरी, आणि बऱ्याच जणांचं करिअर तेवढ्यातच आटपतं. या पोरांसाठी बोनसचा पूल, म्हणजे चांगलं खेळणाऱ्यांत वाटायचा एक सामायिक फंड, हवा होता, मालक ३ कोटी डॉलरवर अडलेले, खेळाडू साडेआठ कोटींवर. आणि खेळाडूंकडून भांडायला बसलेल्यांत स्टार पिचर मॅक्स शर्झर, ज्याने लॉकआउटच्या तोंडावर स्वतः तीन वर्षांचे १३ कोटी डॉलर घेतलेले! आपल्याकडे चालू क्रिकेटपटूंची युनियनच नाही, त्यामुळे असलं काही बघायला मिळणं कठीण.

डेडलाइन गेली. मग लीगचे प्रमुख, कमिशनर रॉब मॅनफ्रेड माइकसमोर आले, प्रत्येक टीमच्या पहिल्या दोन सिरीज रद्द. मधेच हसले पण, त्यावरून लोक जाम भडकले. कॉलवर क्लायंटची मॅनेजर होती, शिकागोची, म्हणाली ९४ ला मी शाळेत होते, संपामुळे वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची फायनलच झाली नाही, बाबांनी नंतर कित्येक वर्षं तिकीट काढलं नाही. मग म्हणाली, दुसरं वालं पाठव. पाठवलं, आणि तक्रारींचा जो पाऊस सुरू झाला तो शिफ्ट संपेपर्यंत, जणू मॅचेस आम्हीच रद्द केल्या.

१० मार्चला करार झाला. पूल ५ कोटी, किमान पगार ७ लाखच. युनियनच्या आठ जणांच्या कमिटीने सगळ्यांनी विरोधात मत दिलं, शर्झरपण त्यातच, पण टीम्सच्या प्रतिनिधींनी २६ विरुद्ध ४ ने पास केलं. प्रत्येक टीमच्या पूर्ण १६२ मॅचेस ठरल्या, म्हणजे रद्द केलेल्या सगळ्या परत भरायच्या, काही तर एका दिवशी दोन-दोन. शेजारचा वैतागून विचारतो, हा करार तरी किती दिवस? म्हटलं १ डिसेंबर २०२६, तोवर जॉब बदल.